फडकं मंगळवारी जाणार होतं

माणूस मरतो, त्याचे शब्द हवेत विरतात, साक्षीदार फिरतात, कागदाला कसर लागते. पण त्याच्या देहाच्या कणाकणात लिहिलेलं सत्य मात्र कधीही खोटं बोलत नाही.

हे वाक्य सार्जंट नेव्हिल स्कालीने मला ऐकवलं तेव्हा तो माझ्या गालाच्या आतल्या बाजूला कापसाची काडी घासत होता. त्यामुळे मला प्रतिवाद करता आला नाही. वाक्य खात्याच्या पुस्तिकेतलं होतं. नेव्हिलला ते पाठ झालं होतं, कारण त्या महिन्यातलं माझं तोंड सत्ताविसावं.

"अजून उघड जरा," तो म्हणाला. "आणि दातांचं काहीतरी कर रे कॉड. शाळेतल्या पोरांवर काय संस्कार होतील?"

कॉड हे माझं नाव नाही. एकतीस वर्षांपूर्वी, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना, मी आणि दोन मित्रांनी यारांगुलाच्या पबच्या छपरावरून फायबरचा नऊ फुटी कॉड मासा खाली उतरवला आणि कॉलेजच्या डीनसाहेबांच्या पोहण्याच्या तलावात सोडला. डीनसाहेबांना विनोद कळला नाही. मॅजिस्ट्रेटने दंड केला, मासा छपरावर परत गेला, आणि पुढे याच गावच्या शाळेत इतिहास शिकवायला आलो तेव्हा माझं नाव माझ्याआधी येऊन पोहोचलेलं होतं. गावाने मला माफ केलं. सरकारने केलं नाही, हे मला त्या जूनमध्ये कळलं.

नवा हुकूम असा होता: ज्या गुन्ह्याला पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते तो गंभीर गुन्हा, तो ज्याच्यावर कधीही शाबीत झाला असेल तो गंभीर गुन्हेगार, आणि गंभीर गुन्हेगाराचा डीएनए सरकारच्या साठ्यात हवाच. चोरीला पाच वर्षं होऊ शकतात. मासा चोरला होता. सरकारी वर्ष सरतं तीस जूनला, त्याच्या आत आमच्या ठाण्याने चाळीस नमुने पाठवायचे होते.

आता अकराशे वस्तीच्या गावात चाळीस गंभीर गुन्हेगार आणायचे कुठून? जे खरोखर गंभीर होते ते तुरुंगात होते, त्यांचे नमुने तिथेच घेतले गेले होते. उरलेले पत्ता न ठेवता पसार झालेले. मग राहिले कोण, तर ज्यांचा पत्ता सरकारला ठाऊक होता ते, म्हणजे जे नेमाने मतदान करतात ते. म्हातारा मर्व्ह पॅस्को, वय एकोणऐंशी: चौऱ्याहत्तर साली शेजाऱ्याची तीन मेंढरं पळवली. शेजारी वारला होता आणि मेंढरंही अर्थातच. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या डल्सीबाई फार: नवऱ्याची खोटी सही. त्या तोंड उघडण्याआधी लिपस्टिक लावून आल्या होत्या.

नेव्हिलने काडी काढून एका जाडसर कार्डावर दाबली, कार्ड पाकिटात घातलं.

"झालं. हे कार्ड शंभर वर्षं टिकतं. फ्रिज नको, काही नको. कपाटात टाकलं तरी चालतं."

"नेव्हिल," मी तोंड मिटून म्हणालो, "कोरलीचं फडकं कुठे आहे?"

"फ्रिजमध्ये. एकदम सुरक्षित."

"लॅबला कधी जाणार?"

"नंबर मिळाला की. लॅबचा नंबर मिळाल्याशिवाय पाठवता येत नाही बाबा, ठाऊक आहे तुला."

"चार महिने झाले."

"रांग आहे."

"आणि माझी थुंकी कधी जाणार?"

नेव्हिलने घड्याळ पाहिलं. "आज दुपारच्या गाडीने."

कोरली माझी थोरली बहीण. मेन स्ट्रीटवरची बेकरी तिची. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर, ती नेहमीसारखी घरी गेली आणि मागच्या दाराने आत शिरताना ते दार आतून जोरात ढकललं गेलं. ती पायऱ्यांवरून खाली पडली आणि मनगट मोडलं. पाठमोरा एक पुरुष, डोक्यावर टोपी खाली ओढलेली, तिच्या अंगावरून उडी मारून गेला. न्हाणीघराची काच फोडून तो आत आला होता आणि त्याने स्वतःचा हात कापून घेतला होता. हाताला गुंडाळायला त्याने ओट्यावरचं फडकं घेतलं आणि कुंपणापाशी ते टाकून दिलं.

फडकं शाळेचं होतं. शाळेच्या मदतीसाठी विकतात ना तसलं: वर्गातल्या प्रत्येक पोराने काढलेला स्वतःचा चेहरा, खाली नाव. कोरलीच्या लेकीने, आता मोठी होऊन दूर राहणाऱ्या, तेव्हा स्वतःला बटाट्यासारखं काढलं होतं. त्या दुपारी चोवीस पोरांचे चेहरे लाल झाले होते. नेव्हिलने ते ओलंच्या ओलं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. हे करू नये असं त्या पुस्तिकेत नंतरच्या पानावर लिहिलेलं आहे.

मग फॉर्म भरला गेला. घरफोडी: होय. दुखापत: किरकोळ. मनगट दोन ठिकाणी मोडलं तर ते किरकोळात बसतं. गंभीर व्हायला माणूस मरणाच्या दारात जावा लागतो. किरकोळाला लॅबचा नंबर उशिरा मिळतो. मेंढरं, सही आणि मासा गंभीर असल्याने पुढे.

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकून होतो. पण संन्याशाचा गाल खरवडून तो शंभर वर्षं जपून ठेवतात, हे नवं होतं.

मनगट सहा आठवड्यांत जुळलं. पण कोरली घरी एकटी झोपेना. रात्री आमच्याकडे यायची, पहाटे उठून बेकरीत जायची. आणि बेकरीत ती हात पाहू लागली. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा तळहात. कापसाच्या कारखान्यातले, मेंढरं कातरणारे, शेतावरचे. आमच्या गावात न कापलेला हात सापडणं कठीण. तरी ती पाहायची.

"अगं, वेडी होशील," मी म्हणालो.

"मी पाव देते रे. हात तर ते स्वतःहून पुढे करतात."

ऑगस्टच्या शेवटी ती एका दुपारी शाळेत आली. वर्ग चालू होता. दारातून तिने मला बोटाने बोलावलं, जसं लहानपणी आईचा मार चुकवायला बोलवायची.

"रॉस टिंडल," ती म्हणाली.

रॉस टिंडल कापसाच्या कारखान्यात मुकादम. पोरांच्या फुटीचा, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलचा, कोच. कुठल्या आठवड्यात कोणता संघ जिंकणार याचे अंदाज बांधायची गावची जी स्पर्धा असते, तीही तोच चालवायचा. त्याच्यावर आजवर कुठलाच गुन्हा शाबीत झालेला नव्हता, म्हणून साठ्यात तो नव्हता.

"कशावरून?"

"फेब्रुवारीपासून खिमा भरलेल्या पाईची पिशवी डाव्या हाताने घेतो. सही मात्र उजव्या हाताने करतो, फुटीच्या पावतीपुस्तकावर मी पाहिलंय. आज मी त्याला दोन पिशव्या दिल्या. दोन्ही एकदम. गरम. करावाच लागला दुसरा हात पुढे." तिने स्वतःच्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत नखाने रेघ ओढली. "इथून इथे."

"तो काही बोलला?"

"थँक्यू डार्लिंग म्हणाला."

आम्ही तसेच ठाण्यावर गेलो. नेव्हिलने सगळं ऐकलं, आणि हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, तो हसला नाही.

"व्रण म्हणजे पुरावा नव्हे कोरली. माझ्या हातावर तीन आहेत. पण फडक्यावरचं रक्त लॅबने वाचलं, तर मी टिंडलच्या तोंडात काडी घालायची परवानगी मागू शकतो. मग ते जुळलं की जुळलं. वकील आणो नाहीतर बिशप."

"आणि रक्त नाही वाचलं तर?"

"का नाही वाचणार? रक्त आहे ते. खोटं बोलत नाही." मग त्याने फोन उचलला आणि अर्धा तास कुणाकुणाशी भांडला. सप्टेंबरच्या शेवटी लॅबचा नंबर आला. फुटीच्या ग्रँड फायनलच्या लाँग वीकेंडनंतरच्या मंगळवारी, सकाळच्या गाडीने फडकं जाणार.

कोरली त्या दिवशी सात महिन्यांनी पहिल्यांदा नीट जेवली. तोंडातून ब्र काढायचा नाही असं नेव्हिलने बजावलं होतं, तो तिने काढला नाही. पण तिला कुणाचे तरी आभार मानायचे होते, आणि बेकरीवाली आभार कसे मानणार?

"ग्रँड फायनलला पाई मी पाठवते," तिने नेव्हिलला सांगितलं. "साठ. आणि त्या गरम ठेवायची काचेची पेटीही घेऊन जा."

ग्रँड फायनल आमच्याकडे ठाण्याच्या गॅरेजमध्ये बघतात. कारण गावातला सर्वांत मोठा टीव्ही तिथे आहे. तो तीन वर्षांपूर्वी एका चोरीत सापडला, मालक कोण ते कळलंच नाही, आणि पुरावा चालू स्थितीत आहे ना याची खातरजमा करत राहावी लागते. त्या रविवारी चाळीसेक माणसं होती. पत्र्याचं छप्पर, बाहेर चौतीस डिग्री. मर्व्ह पॅस्को आरामखुर्ची घरून घेऊन आला होता. डल्सीबाई दोन्ही संघांना शिव्या देत होत्या. मी काचेची पेटी उचलून आणली.

"कुठे लावू?"

नेव्हिल बर्फाच्या पेटीत बिअर खुपसत होता. भिंतीवर दोनच पॉइंट होते. एकात टीव्ही, दुसऱ्यात कोपऱ्यातला जुना फ्रिज.

"तो काढ ना," त्याने मान वर न करता सांगितलं. "दुधाचा फ्रिज आहे तो. दूध दोन तासांत मरत नाही."

मी प्लग काढला. पेटीचा लावला. काच पिवळी उजळली.

त्या फ्रिजच्या दारावर एक सूचना होती, हे मी नंतर पाहिलं. "पुरावे. बंद करू नये." तिच्यावर ऑगस्टपासून स्पर्धेच्या अंदाजांचा तक्ता चिकटवलेला होता. ऑफिसातला पुराव्यांचा फ्रिज जुलैत बिघडला तेव्हा नेव्हिलने स्वतःच आतलं सगळं इथे आणून ठेवलं होतं. ते तो विसरला. दूध आणायला मात्र रोज त्या फ्रिजकडे जायचा.

रॉस टिंडल माझ्या शेजारीच उभा होता. त्याने तीन पाई खाल्ल्या. "तुझी बहीण सोन्याची आहे रे कॉड," तो बोटं चाटत म्हणाला. उजव्या हाताची. मी त्याच्याकडे पाहून हसलो. मंगळवार दोन दिवसांवर होता, म्हणून मला हसता आलं. ते हसू अजून मला तोंडात लागतं.

आमचा संघ हरला. लोक वैतागून घरी गेले. सोमवारी सुट्टी, ठाणं बंद. ठाण्याचे फोन पलीकडच्या शहरातले पोलीस उचलत होते.

मंगळवारी सकाळी साडेसातला नेव्हिलचा फोन आला. "कॉड, जरा येतोस का? एकटा ये."

गॅरेजचं दार उघडं होतं आणि तो बाहेर उभा होता. वास बाहेरपर्यंत येत होता. दुधाचा होता, पण नुसत्या दुधाचा नव्हता. नेव्हिलच्या हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती. आत चोवीस पोरांवर काळी-हिरवी लव उगवली होती. चेहरे दिसत नव्हते. कोपऱ्यातला बटाटा तेवढा ओळखू येत होता.

"पाठवतो तरी," नेव्हिल म्हणाला. "हल्ली फार पुढे गेलंय शास्त्र."

मी काही बोलायच्या आत मागून गाडीचं दार वाजलं. कोरली आपली पेटी न्यायला आली होती. शाळा उघडायच्या आत पाईंची गर्दी होते, तिला पेटी हवी होती.

तिने वास घेतला. पिशवी पाहिली. मग ती आत गेली आणि भिंतीपाशी उभी राहिली. तिच्या पेटीचा प्लग पॉइंटमध्येच होता. फ्रिजचा जमिनीवर पडलेला.

"कोणी काढला?"

"मी," मी म्हणालो.

"मी सांगितलं त्याला," नेव्हिल म्हणाला. "दुधाचा समजून. कोरली, मला..."

"साठ पाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पहाटे तीनला उठले होते. वरच्या पापुद्र्याला अंडं लावलं. तुला आवडतं म्हणून मिरी जास्त घातली."

"लॅबवाले काढतील काहीतरी. आपण..."

"मर्व्हची थुंकी कुठे ठेवलीस?"

"काय?"

"मर्व्हची. डल्सीची. याची." तिने माझ्याकडे न पाहता माझ्याकडे बोट केलं. "कुठे आहे?"

"ती... ती राजधानीत. साठ्यात."

"नासली?"

नेव्हिलने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बोल ना सार्ज. नासली का?"

"ती नासत नाही. कार्डावर असते."

"म्हणजे ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने पुढच्या शंभर वर्षांत मेंढरू चोरलं तर तू पकडशील."

"हे बघ, नियम मी नाही केले..."

"फ्रिज तुझा होता!" आता मात्र ती ओरडली, आणि समोरच्या टपाल कचेरीतून दोन माणसं बाहेर आली. "नियम गेले खड्ड्यात! आठ महिने मी गावातल्या पुरुषांचे हात बघतेय नेव्हिल, भिकाऱ्याने बघावे तसे! मी शोधला त्याला. मी! तुमच्या काड्यांनी नाही, माझ्या पिशव्यांनी! तुला एकच काम होतं. एक फडकं गार ठेवायचं. ते तर माझ्या घरच्या फ्रिजलाही जमलं असतं!"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. तिने तो झटकला. "तू हात लावू नकोस. तुझ्या हाताने काय काय होतं ते बघितलं मी."

तिने पेटीचा प्लग उपटला, वायर गुंडाळली आणि पेटी एकटीने उचलून गाडीत घातली. जुळलेल्या मनगटाने ती उचलायची नाही असं डॉक्टरने सांगितलं होतं.

फडकं त्या सकाळच्या गाडीने गेलं. लॅबचं उत्तर तीन आठवड्यांत आलं, यावेळी रांग नव्हती. तपासणीयोग्य अंश आढळला नाही. नेव्हिलने रॉस टिंडलला बोलावून घेतलं आणि फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारबद्दल विचारलं. टिंडल म्हणाला, तो व्रण कापसाच्या यंत्राचा आहे. लाळ द्यायलाही तो हसत तयार झाला. पण जुळवायचं कशाशी, म्हणून घेतली नाही. गुन्हा शाबीत नसलेल्या माणसाचा नमुना विनाकारण साठ्यात ठेवणं बेकायदा आहे. नागरिकाचा खासगीपणा म्हणून काही असतो.

त्याच आठवड्यात मलाही पत्र आलं. माझी नोंद यशस्वीपणे पूर्ण झाली असून ती कायमस्वरूपी जतन करण्यात येईल, सहकार्याबद्दल आभार. मी पत्र घेऊन ठाण्यावर गेलो.

"हे काढून टाक," मी नेव्हिलला म्हटलं.

"काढता येत नाही."

"का?"

"मासा चोरला होतास तू, कॉड." तो हे चिडून बोलला नाही. तो बराच उतरला होता, हे मला दिसत होतं. "त्यांनी चाळीस मागितले, मी चाळीस दिले. वेळेत. कौतुकाचं पत्र आलं ठाण्याला. हवं तर दाखवतो."

"फ्रेम करून लाव."

"लावलंय," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

मला त्या क्षणी त्याला मारायचं होतं. टिंडलला नाही, टिंडलला तर मी रोज मनातल्या मनात मारतच होतो. मला या माणसाला मारायचं होतं, ज्याच्याशी मी तीस वर्षं क्रिकेट खेळलो, ज्याला माझ्या बहिणीची खरोखर काळजी होती, जो दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. मी टेबलावरचा काड्यांचा नवा खोका उचलून भिंतीवर फेकला. पुढच्या वर्षाच्या तीस जूनसाठी तो आला होता. काड्या सगळ्या जमिनीवर पसरल्या. आम्ही दोघांनी वाकून गोळा केल्या. दुसरं करणार काय?

कोरलीने नाताळपर्यंत बेकरी चालवली. टिंडल गुरुवारचा गुरुवार यायचा. ती त्याला पाई द्यायची, कारण न देण्याचं कारण सांगता आलं नसतं. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं असावं, किंवा त्याने ओळखलं असावं. त्याने डावा हात वापरणं सोडून दिलं. उजवा पुढे करायचा, तळवा वर.

जानेवारीत तिने बेकरी विकली आणि ती लेकीकडे समुद्राकाठी राहायला गेली. निघताना मी तिचं सामान गाडीत भरलं. तिने भरू दिलं, पण काचेची पेटी मागे सोडली.

"नव्या मालकाला दे," ती म्हणाली. "मला नको."

फोन करतो. हवापाण्याचं बोलते.

ठाण्याच्या गॅरेजमध्ये फ्रिजसाठी आता वेगळा पॉइंट बसवलाय, वर लाल अक्षरात सूचना आहे. आत दूध असतं.